टिटवीची चार अंडी आणि पुढची तारीख

एका जंगलात सिंह नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो मुलांनो, नाहीतर गोष्ट रंगात आली की तुमच्यातलं कोणीतरी हमखास विचारणार, सिंह कुठाय, सिंह कुठाय. नाहीये सिंह. गप्प बसा आणि ऐका.

वाघ होता. पूर्वी तो राजा होता. मग जंगलात कायद्याचं राज्य आलं आणि राजाची जागाच रद्द झाली. वाघाचं राज्य गेलं, पण अंगावरचे पट्टे राहिले. तेव्हा त्याला कोर्टात पट्टेवाला म्हणून लावून घेतलं. त्या पदाला लागणारी पात्रता अख्ख्या जंगलात त्याच्या एकट्याकडेच होती. तोही बिचारा इमानेइतबारे नोकरी करायचा. कोर्टाचं काम चालू असेपर्यंत कोणाकडे वाकड्या नजरेनं बघायचा नाही. काम संपल्यावर काय करायचा, ते लहान मुलांना सांगण्यासारखं नाही.

तर या जंगलात सगुणा नावाची एक टिटवी राहत होती.

टिटवी पाहिली आहे ना? लांब पिवळे पाय, डोळ्यांभोवती लाल कडा आणि भोंग्यासारखा आवाज. टिटवीला झाडावर बसता येत नाही. ती आपली जमिनीवरच चार खडे गोळा करते, मधे अंडी घालते आणि त्यालाच घर म्हणते. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही.

मागच्या वर्षी गव्यांचा कळप पाणी प्यायला निघाला आणि सगुणाच्या चारही अंड्यांवरून गेला. गव्यांच्या मनात काही नव्हतं हो. त्यांना कळलंच नाही. पाणी पिऊन ते त्याच वाटेनं परत गेले. सगुणा मात्र दिवस मावळेपर्यंत त्या जागेवर बसून होती, नुसत्या खड्यांना ऊब देत.

या वर्षी तिनं ठरवलं, काही झालं तरी घर हवं.

त्या जंगलात बांधकामाचा धंदा हुपाजी नावाचा एक माकड करायचा. हसू नका. माकडाला स्वतःचं घर नसतं हे मलाही ठाऊक आहे. पण त्याच्याकडे बोलणं होतं. तो कमरेवर हात ठेवून उभा राहायचा, जमिनीकडे बघून मान डोलवायचा आणि म्हणायचा, "होऊन जाईल." एवढं बोलता आलं की कंत्राटं मिळतात.

हुपाजीची अडचण वेगळीच होती. आमराईत आंबे पिकले होते आणि त्याच आमराईत एक बिबट्या येऊन दडायचा. आंबा खाताना वर बघावं लागतं आणि बिबट्या तर खालून येतो. त्यामुळे माकडांना आंबा गोड लागत नव्हता.

मग दोघांचं ठरलं. सगुणानं आंबे संपेपर्यंत आमराईची राखण करायची आणि बिबट्या दिसला की ओरडायचं. हुपाजीनं तिला घर बांधून द्यायचं.

आता करार म्हणजे काय, असं कोणीतरी विचारा पाहू. शाबास. त्या जंगलात लिहिता कोणालाच येत नव्हतं. म्हणून करार करायचा तो राघूसमोर. राघू म्हणजे एक म्हातारा पोपट. त्याच्यासमोर दोघांनी बोलायचं, त्यानं ते तसंच्या तसं तीनदा म्हणायचं, की करार पक्का. अर्थ त्याला विचारायचा नाही. अर्थ त्याच्या कामात येत नसे.

सगुणा म्हणाली, "मी आंबे संपेपर्यंत ओरडीन. तू मला अंड्यांच्या आधी घर बांधून दे."

हुपाजी म्हणाला, "अंड्यांच्या आधी घर बांधून देईन." आणि तो शिंकला.

राघूनं दोघांचं बोलणं तीनदा म्हटलं. प्रत्येक वेळी शेवटी शिंकलासुद्धा. तो कामात फार चोख होता.

झालं. सगुणा ओरडायला लागली. बिबट्या आला, ओरडली. बिबट्याची सावली दिसली, ओरडली. वाळकं पान हललं तरी ओरडली, कारण पोटात अंडी तयार होत होती आणि तिला कामात कसूर करायची नव्हती. बिबट्या इतका कंटाळला की कानात शेवाळ घालून दुसऱ्या डोंगरावर निघून गेला. माकडांनी पोटभर आंबे खाल्ले. कोयी टिटवीच्या डोक्यात मारल्या, पण ते प्रेमानं.

आंबे संपले तेव्हा सगुणाचा आवाज पार बसला होता. टिटिव म्हणायला जायची आणि फुस्स असा आवाज यायचा. पण ती खुशीत होती. तिनं आपलं काम केलं होतं. ती तुरुतुरु हुपाजीकडे गेली आणि घोगऱ्या आवाजात कुजबुजली, "दादा, माझं घर?"

"तयार आहे की!" हुपाजी म्हणाला. "चल दाखवतो."

तो तिला एका वारुळापाशी घेऊन गेला. वारूळ वाळवीचं. त्याच्याभोवती पळसवेलीचे सात-आठ वेढे दिले होते आणि वर छान गाठ मारली होती.

"हे काय?" सगुणानं विचारलं.

"घर."

"कोणाचं?"

"वाळवीचं. कोणाचं बांधायचं ते तू कुठे बोलली होतीस? घर बांधून दे म्हणालीस. बांधून दिलं. गाठ बघ, ओढून बघ, सुटली तर नाव बदलीन."

आतून वाळवीचा आवाज येत होता, "अहो, कोण आहे? सोडा आम्हाला!"

सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला खूप काही बोलायचं होतं. पण घशातून फुस्स एवढंच आलं. हुपाजीला वाटलं, समाधानानं सुस्कारा टाकला. तो हात झटकून निघून गेला.

असा राग आला असता ना तुम्हाला? मलाही आला. पण रागानं घर होत नाही. सगुणाला सगळ्यांनी एकच सांगितलं, "वकील कर. तुझा तर आवाजच गेलाय, तुझ्या वतीनं बोलणारा पाहिजे."

जंगलात मोठे वकील दोन. एक कोल्हे वकील. त्यांना हुपाजीनं आदल्या दिवशीच गाठून ठेवलं होतं. राहिले काळे वकील. ते जातीचे कावळे. कोट शिवायला लागला नाही, या एका गोष्टीवर ते वकिलीत आले होते.

काळे वकिलांचं ऑफिस बाभळीवर होतं. खाली पाटी होती. लिहिता कोणाला येत नसल्यामुळे पाटी कोरीच होती, पण तिच्यावर काय आहे ते वकीलसाहेब येणाऱ्या प्रत्येकाला तोंडी सांगायचे. "दिवाणी, फौजदारी आणि दशक्रियेची कामं केली जातील."

सगुणा बाभळीखाली उभी राहिली. वकीलसाहेब खालच्या फांदीवर आले, मान वाकडी करून एका डोळ्यानं तिच्याकडे बघितलं, मग तिच्या पोटाकडे बघितलं.

"केस मजबूत आहे," ते म्हणाले.

"मी अजून सांगितलंच नाही," सगुणा कुजबुजली.

"सांगायची गरज नाही. फी एक अंडं. तेही आत्ता नाही, निकाल लागल्यावर. आपण काही अशिलाला लुबाडणारे नव्हे."

सगुणाच्या काळजात चर्र झालं. पण तिनं विचार केला, घर झालं नाही तर चारही जातील. घर झालं तर तीन तरी राहतील. आईचं गणित असं असतं बघा. तिनं मान हलवली.

"आणि एक लक्षात ठेवा," काळे वकील म्हणाले. "करारात काय आहे? अंड्यांच्या आधी. म्हणजे निकाल लागेपर्यंत अंडी घालायची नाहीत."

"म्हणजे?"

"घराशिवाय अंडी घातलीत तर समोरचा म्हणेल, बघा, हिला घराची गरजच नव्हती. दावा संपला. तेव्हा थोडं धरून ठेवा."

"साहेब, अंडी कशी धरून ठेवणार?"

"इच्छाशक्ती," काळे वकील म्हणाले आणि उडून गेले. घाटावर कोणाचा तरी दहावा होता आणि पिंड ताटकळला होता.

कोर्ट भरायचं एका जुन्या उंबराखाली. वर ढोलीत न्यायाधीश बसायचे. ते घुबड होते. घुबडाला दिवसा दिसत नाही, शिवाय झोप येते. पण वकिलांना रात्री दिसत नाही. तेव्हा वकिलांच्या सोयीनं कोर्ट दिवसाच चालायचं. निकालांना उशीर का होतो, असं मोठी माणसं एकमेकांना विचारतात ना, त्यांना ही गोष्ट सांगा.

पहिल्या दिवशी वाघानं पुकारा केला, "सगुणा टिटवी विरुद्ध हुपाजी माकड हाऽऽजिर!"

इतका मोठा पुकारा ऐकून जी जनावरं हजर होती तीही पळून गेली. त्यांना परत गोळा करण्यात सकाळ गेली.

मग कोल्हे वकील उठले. गोड हसले. "महाराज, आमच्या अशिलानं घर बांधून दिलं आहे. घट्ट बांधलं आहे. बांधणे म्हणजे काय? गाय बांधतात, मोट बांधतात, फेटा बांधतात. कोणी म्हणतं का, मी फेटा बांधला म्हणजे विटा रचल्या?"

जमलेली जनावरं म्हणाली, "खरंच की."

काळे वकील उठले. "महाराज, धरणसुद्धा बांधतात! पूल बांधतात! धरणाला कोणी दोरी लावतं का?"

जनावरं म्हणाली, "हेही खरंच."

महाराज ढोलीत घोरत होते. दोन्ही वकील घोरणं संपायची वाट बघत उभे राहिले. शेवटी वाघानं खाकरून घसा साफ केला तेव्हा महाराज दचकून जागे झाले आणि म्हणाले, "मूळ शब्द काय होते? साक्षीदार राघूला पिंजऱ्यात उभं करा."

पिंजरा हा शब्द ऐकताच राघू जो उडाला, तो डोंगरापलीकडे गेला.

"पुढची तारीख," महाराज म्हणाले आणि झोपले.

पुढच्या तारखेपर्यंतचा वेळ राघूची समजूत घालण्यात गेला. साक्षीदाराचा पिंजरा म्हणजे नुसता कठडा असतो, त्याला दार नसतं, पेरूची फोड नसते, असं त्याला परोपरीनं सांगितलं. पेरूची फोड नसते हे ऐकून तो जास्तच बिथरला. शेवटी फोड ठेवायचं कबूल झालं तेव्हा आला.

त्यानं कठड्यात उभं राहून साक्ष दिली, "अंड्यांच्या आधी घर बांधून देईन. आक्‌छी!"

कोल्हे वकिलांनी लगेच उलटतपासणी घेतली. "ही शिंक करारात आहे का?"

"आक्‌छी!" राघू म्हणाला.

"महाराज, शिंक आली म्हणजे अपशकुन झाला. अपशकुनी करार बांधील नाही!"

"बांधील म्हणजे दोरीनं की विटांनी?" महाराजांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. यावर दोन्ही वकिलांना अभ्यासाला वेळ हवा होता. तारीख पडली.

इकडे सगुणाचे हाल कुत्रा खाईना. पोट जड झालं होतं. चालताना ती दोन पावलं टाकायची आणि थांबायची. काळे वकील वरून घिरट्या घालत ओरडायचे, "धरा, सगुणाबाई, धरा! अजून एक तारीख!"

त्या तारखेला कोर्टात फार गर्दी होती. कोल्हे वकील बांधणी, बांध, बांधिलकी आणि बद्धकोष्ठ या शब्दांचा संबंध समजावून सांगत होते. सगुणा वादीच्या जागी उभी होती. आसपास खडेही नव्हते, नुसती मोकळी माती.

आणि मग जे व्हायचं ते झालं. भर कोर्टात, न्यायासनासमोर, सगुणानं अंडी घातली. एकामागून एक चार. मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची.

कोर्ट चिडीचूप झालं.

"घात केलात," काळे वकील तिच्या कानाशी म्हणाले. पण त्यांची नजर अंड्यांवर होती आणि चोचीला पाणी सुटलं होतं.

महाराज शांततेनं जागे झाले. ते नेहमीच आवाजात झोपायचे आणि शांततेत जागे व्हायचे. डोळे किलकिले करून त्यांनी विचारलं, "खाली ते गोल गोल काय आहे?"

कोल्हे वकिलांनी उडीच मारली. "पुरावा, महाराज! उघड्यावर अंडी घातली. म्हणजे हिला घराची गरज नाही, हे सिद्ध झालं. हा आमचा पुरावा!"

"तुमचा कसा?" काळे वकील ओरडले. "घर दिलं नाही म्हणून उघड्यावर घालावी लागली. पुरावा आमचा!"

"आमचा!"

"आमचा!"

दोघांनी एकमेकांच्या शेपट्या धरल्या. महाराजांना झोप येत होती आणि भांडण मिटल्याशिवाय येणार नव्हती. ते म्हणाले, "पुरावा दोघांचा आहे, तर तो कोर्टाच्या ताब्यात राहील. मुद्देमाल म्हणून जमा करा. निकाल लागेपर्यंत त्याला कोणी हात, पाय, खूर, चोच, नख काही लावायचं नाही. पट्टेवाला!"

"जी," वाघ म्हणाला.

"इथेच बसायचं. दिवसरात्र. हलायचं नाही."

वाघ अंड्यांशेजारी बसला.

सगुणा बघत राहिली. मग तिनं काळे वकिलांचा कोट, म्हणजे पंख, ओढला आणि कुजबुजली, "ऊब."

काळे वकिलांनी विचार केला. अंडं थंड झालं तर नासेल. नासलं तर फी नासेल. ते ताडकन उभे राहिले. "महाराज! जप्त केला तेव्हा पुरावा गरम होता. तो थंड झाला तर पुराव्यात फेरफार होईल. आमच्या अशिलाला त्याच्यावर बसण्याचा हुकूम व्हावा."

कोल्हे वकिलांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं, पण पुराव्यात फेरफार हवाय असं म्हणता येईना. हुकूम झाला.

अशी सगुणा अंड्यांवर बसली, कोर्टाच्या हुकमानं, शेजारी वाघ.

दोन दिवसांनी गव्यांचा कळप पाण्याला निघाला. वाट तीच होती, उंबरावरून जाणारी. पुढचा गवा फुरफुरत आला, वाघ दिसला, थांबला. वाघानं नुसती जांभई दिली. कळपानं लांबचा वळसा घेतला. साप आला, बघून परत गेला. मुंगूस आलंच नाही, त्यानं लांबूनच नमस्कार केला.

सगुणानं आयुष्यात पहिल्यांदा अंड्यांवर बसून डोळे मिटले. तिला झोप लागली. टिटवीला अशी गाढ झोप लागत नाही मुलांनो. त्या दिवशी लागली.

तारखा पडत गेल्या. आणि एका तारखेला, ऐन युक्तिवादात, सगुणाखालून टक् असा आवाज आला. मग दुसरा टक्.

वाघानं वाकून बघितलं आणि तो नियमाप्रमाणे ओरडला, "महाराज, पुरावा फुटला!"

महाराज खडबडून उठले. "फुटला? कोणाच्या बाजूला गेला?"

"आईच्या," वाघ म्हणाला.

चार पिल्लं बाहेर आली होती. कापसाच्या बोळ्याएवढी, पायच जास्त. लगेच इकडेतिकडे पळायला लागली. पुरावा पळतोय म्हणून वाघ त्यांच्यामागे पळायला लागला. एक पिल्लू त्याच्या शेपटीत जाऊन झोपलं. वाघ संध्याकाळपर्यंत शेपूट न हलवता बसून राहिला. मुद्देमालाची जबाबदारी त्याची होती.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. म्हणजे आता काहीतरी बिघडणार, हे तुम्ही ओळखलंच असेल.

बिघडलं ते असं. हुपाजी टेकीला आला. प्रत्येक तारखेला त्याला हजर राहावं लागे. तो इथे बसायचा आणि तिकडे दुसरी टोळी जांभळं खाऊन जायची. शिवाय राखण करणारी टिटवी कोर्टात, तेव्हा बिबट्याही परतला होता. एका तारखेला हुपाजी हात जोडून उभा राहिला. "महाराज, मी हरलो. बांधणे म्हणजे बांधणे. मी घर बांधलंय, खरंखुरं. दगडाच्या भिंती, गवताचं छप्पर. हिनं घ्यावं आणि मला सोडावं."

कोर्ट घर बघायला गेलं. घर खरंच होतं. दारसुद्धा होतं, फक्त ते छपराला होतं, कारण माकडाला वरून यायची सवय. सगळे कौतुक करत असतानाच एका गव्याची पाठ खाजली. तो भिंतीला टेकला आणि त्यानं पाठ घासली.

घर पडलं.

"पुन्हा बांधीन!" हुपाजी घाईघाईनं म्हणाला. "उद्याच बांधीन! पण निकाल द्या."

"महाराज, निकाल द्या," कोल्हे वकील म्हणाले. अशील हरलं तरी चालेल, पण बद्धकोष्ठाच्या पुढे त्यांच्याकडे शब्द उरले नव्हते.

"निकाल द्याच, महाराज," काळे वकील म्हणाले. ते लांबूनच उंबराखालच्या पिल्लांकडे बघत होते. अंड्याचं पिल्लू झालं म्हणून फी माफ होत नाही.

महाराज प्रसन्न झाले. सगळ्यांना एकाच वेळी निकाल हवाय, असं त्यांच्या कारकिर्दीत कधी झालं नव्हतं. ते म्हणाले, "ठीक आहे. उंबराखाली चला. निकाल वादीच्या बाजूनं देतो. मग मुद्देमाल मोकळा होईल."

सगळे उंबराखाली परतले तेव्हा सगुणा वाघाकडे वळली. पिल्लांना अजून पंख फुटले नव्हते. नुसती लव होती.

"मुद्देमाल मोकळा केला म्हणजे काय होतं?" तिनं कुजबुजत विचारलं.

वाघानं खाली बघितलं. "म्हणजे माझी ड्यूटी संपते, बाई."

"आणि ड्यूटी संपल्यावर?"

वाघानं शेपटीजवळच्या पिल्लाकडे बघितलं. त्याला लाज वाटत होती. "ड्यूटी संपल्यावर मी वाघ असतो."

दूर पाण्याच्या वाटेवर गवे उभे होते. वर काळे वकील पंख झटकत होते. आणि ढोलीत महाराजांनी निकालासाठी चोच उघडली होती.

सगुणानं छाती भरून श्वास घेतला. आंब्यांच्या दिवसांपासून बसलेला घसा, तारखांवर तारखा गप्प राहून बरा झालेला घसा, एकदम मोकळा झाला.

"टिटिव! टिटिव! टिटिव! थांबा महाराज! मला वकील बदलायचाय!"

महाराजांची चोच उघडीच राहिली.

"अहो, तुम्ही जिंकलात!" काळे वकील ओरडले.

"माझा यांच्यावर विश्वास नाही," सगुणा ठणठणीत आवाजात म्हणाली. "यांनी मला अंडी धरून ठेवायला सांगितलं होतं. मी नवा वकील केलाय. कासवे वकील. नदीपलीकडे राहतात. त्यांना सगळी केस पहिल्यापासून समजावून घ्यायची आहे."

"कुठे आहेत ते?" महाराजांनी विचारलं.

"निघालेत."

कोल्हे वकील मटकन खाली बसले. हुपाजीनं डोक्यावर हात मारून घेतला. महाराजांनी थोडा विचार केला. वकील बदलण्याचा अशिलाचा हक्क कोणाला नाकारता येत नाही. "कासवे वकील हजर होईपर्यंत," ते म्हणाले, "पुढची तारीख. मुद्देमाल जसाच्या तसा." आणि ते झोपले.

वाघानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि पिल्लाला शेपटीवर नीट सरकवून घेतलं.

पिल्लांना पंख फुटले. एके दिवशी पुरावा उडाला. पण केस चालूच होती, म्हणून सगुणानं दुसऱ्या वर्षी त्याच जागी पुन्हा चार अंडी घातली. तिनं महाराजांना सांगितलं, ही पुरवणी पुराव्याची. दाखल झाली. तिसऱ्या वर्षी पहिली पिल्लं मोठी होऊन तिथेच अंडी घालायला आली. वारस म्हणून त्यांचीही नावं दाव्यात लागली.

हुपाजी आता उंबराखाली रोज येऊन बसतो. दुपारच्या वेळी तो वाटेकडे बघत राहतो, नदीच्या बाजूला.

कासवे वकील फार प्रामाणिक आहेत. वाटेत कुठेही थांबत नाहीत. परवाच कोणीतरी त्यांना पाहिलं. त्यांनी काठ ओलांडलाय आणि सगुणाबाईंना निरोप दिलाय, काळजी करू नका, न्याय मिळवून देतो.

सगुणानं उलट निरोप पाठवला, "सावकाश या."

तात्पर्य: न्याय जरूर मागावा, पण मिळू देऊ नये. तो मिळाला की पट्टेवाल्याची ड्यूटी संपते.